वाळत घालायची दोरी

इंजिनाचं वरचं झाकण उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तिसऱ्या सिलिंडरवरच्या वॉल्व्हची स्प्रिंग मधोमध तुटली होती. पावणेअकरा वाजले होते आणि चढाच्या शर्यतीत माझी गाडी बरोबर बाराला सुटायची होती.

"आटोपलं, वहिनी," धाकटा दीर म्हणाला. गाडीचा मेकॅनिक तोच. "नवी स्प्रिंग आहे आपल्याकडे, पण बसवणार कशी? हेड उतरवावं लागेल."

हेड म्हणजे सिलिंडरांवर बोल्टांनी आवळलेला, वॉल्व्ह बसवलेला ठोकळा. तो उतरवणं म्हणजे गाडीच बाद! सकाळीच तपासनिसांनी हेडच्या बोल्टांतून तार ओवून शिशाचं सील ठोकलं होतं. सील तुटलं की गाशा गुंडाळायचा. आणि हेड न उतरवता स्प्रिंग काढावी, तर आधार गेलेला वॉल्व्ह घसरून थेट सिलिंडरच्या पोटात. आतून हवेचा दाब देऊन त्याला वर धरून ठेवतात, पण त्यासाठी लागणारी हवेची नळी घरी गॅरेजमध्ये खिळ्याला लटकत होती.

आमच्या मंडळाचा नियम असा, की सलग तीन वर्षं शर्यत पुरी केली नाही तर परवाना रद्द. पहिल्या वर्षी गिअरबॉक्सने दगा दिला. दुसऱ्या वर्षी वळण चुकून मी गवतात जाऊन बसले, ते खापर कुणाच्या माथी फोडता येत नाही. हे तिसरं. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला नवा परवाना कोण देतंय? घरात, ऑफिसात मी सगळ्यांचं सगळं करते, पण माझं स्वतःचं असं काही असेल तर ते या गाडीचं स्टिअरिंग. ते सुटणार म्हणून मला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून संताप येत होता.

"दोरी घाला," मागून आवाज आला.

सासूबाई. घडीच्या खुर्चीत बसून स्वेटर विणत होत्या, मानसुद्धा वर केली नव्हती. गाडी बाजारहाटाला असते, उड्या मारायला नाही, हे त्यांचं मत मी लग्नापासून एकोणीस वर्षं ऐकत आले होते.

"आई, प्लीज, आत्ता मध्ये बोलू नका!" मी खेकसलेच.

"बोलणार! तुझे सासरे हेडला हात न लावता स्प्रिंगा बदलायचे. माझ्या चार दोऱ्या गेल्या त्यापायी. धुणं घेऊन बाहेर यावं, तर दोरी गायब."

सासऱ्यांचं घरामागे गॅरेज होतं. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. दिराने मात्र कपाळावर हात मारला. "अरे देवा! बाबांची दोरी! वहिनी, प्लग काढून त्याच्या भोकातून दोरी आत सारायची आणि पिस्टन वर आणायचा. दोरीचा बोळा वॉल्व्हला खालून दाबून धरतो. मग कुठे पडतोय तो!"

पण दोरी आणायची कुठून? सासूबाई उठल्या. तंबूच्या खांबापासून व्हॅनपर्यंत त्यांनी दोरी बांधली होती, तिच्यावर माझा ओला डगला आणि टॉवेल वाळत होते. त्यांनी सगळं धुणं ओढून शेजारी नियमांचं पुस्तक चाळत उभ्या असलेल्या त्यांच्या थोरल्या लेकाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, खांद्यावर टाकलं आणि दोरी सोडली.

दिराने घाईघाईने ती भोकातून आत कोंबली आणि इंजिन फिरवायला पाना लावला.

"थांब! अंगठा कुणी लावला?"

सासूबाईंनी दोरी उपसून बाहेर काढली, बाह्या वर सारल्या आणि प्लगच्या भोकावर आपला अंगठा दाबून धरला. "फिरव. हळू... हा नाही. हा धूर बाहेर टाकायचा फेरा, यात एक वॉल्व्ह उघडा असतो. आत्ता दोरी दाबली असतीस तर तो वाकला असता. फिरव अजून."

फुस्स! अंगठा भोकावरून उडाला.

"हा बघ! हा फेरा! दोन्ही बंद!" सासूबाई ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला हे कसं..."

"त्यांच्या एका हातात पाना, दुसऱ्यात दोरी. अंगठा कुठून आणणार होते? तेवीस वर्षं अंगठा माझाच होता."

त्यांनी हाताने मोजून सहा हात दोरी आत घातली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. का, ते विचारायला कुणाला सवड होती? पिस्टन वर येऊन दोरीवर घट्ट बसला. मी पहारीएवढ्या दांडीने स्प्रिंग दाबली. ती जाग्यावर धरणारी दोन इवलीशी लॉकं असतात, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. दिराने चुंबकाने एक उचललं आणि दुसरं टण्णकन उडालं.

ते इंजिनात पडलं असतं तर खेळ खलास. मी आणि दीर वाकून फटीफटीत शोधू लागलो. सासूबाईंनी शांतपणे कमरेला खोचलेल्या आपल्या विणकामात बोट घातलं आणि लोकरीत अडकलेलं लॉक काढून दिलं.

जीव भांड्यात पडला. नवी स्प्रिंग बसली, लॉकं बसली, बाकीचं सगळं जागच्या जागी आलं. अकरा एक्केचाळीस! भोंग्यावरून माझा नंबर पुकारला. मी हेल्मेट चढवलं, सीटवर झेप घेतली आणि किल्लीला हात घातला.

"अगं ए!"

सासूबाईंनी हात वर केला होता. मनगटापासून निघालेली दोरी ताणून थेट इंजिनात गेली होती.

मी किल्लीवरून हात मागे घेतला. किल्ली फिरवली असती तर इंजिन गेलंच असतं, शिवाय मनगटही. "एकदा तेही असेच विसरले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून दुसरं टोक माझ्या हाताला."

दिराने पिस्टन खाली घेतला, दोरी ओढली. सासूबाईंनी मोजली. सहा हात. मग त्यांनी गाठ सोडली आणि म्हणाल्या, "जा आता."

प्लग बसला, इंजिन पहिल्या फटक्यात चारही सिलिंडरवर गरजलं. तपासनिसाने सील उलटंपालटं करून पाहिलं. मुंगीच्या दाताचीही खूण नव्हती. बाराला चार मिनिटं कमी असताना मी रेषेवर होते.

वर गेले कशी ते विचारू नका. मी सबंध चढ मोठमोठ्याने ओरडत होते एवढं आठवतं. ज्या वळणाने मला गवतात बसवलं होतं, त्याला या वेळी नुसती चाटून गेले.

खाली परतले तर सासूबाई त्याच खुर्चीत, पुन्हा सुया चालू.

"कितवी?"

"अकरावी. सोळांत."

"पण पुरी केलीस."

"पुरी केली, आई."

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. तेलाने काळी झालेली दोरी उचलली, कोपरावर गुंडाळली. नवरा ओलं धुणं खांद्यावर घेऊन अजून तसाच उभा होता, त्याला वाटलं आता ही बांधणार. सासूबाई त्याला ओलांडून गेल्या आणि त्यांनी दोरी माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवली.

"धुण्याला दुसरी आण," त्या त्याला म्हणाल्या. "ही हिला पुढच्या वर्षी लागेल."