चाऱ्याला दिलेली गाडी

हसणार नसाल तर सांगते. मी मस्कतच्या पलीकडच्या बिदियाच्या वाळवंटातली, खल्फानबाबांची उघड्या पाठीची गाडी बोलतेय. माझा रंग मुळात पांढरा होता म्हणतात. वाळूनं घासून घासून आता त्यावर चहा सांडल्यासारखा दिसतो. पण चारही चाकं शाबूत आहेत आणि तोंडही.

मस्कतच्या बंदरावर जहाजातून उतरले तेव्हा वाटलं होतं, आपल्या पाठीवर एखादा साहेब बसणार. बसली ती शर्यतीची सांडणी, बाबांची लाडकी. पाय दुमडून ऐसपैस बसायची, रस्ताभर दुनियेकडे तुच्छतेनं बघायची आणि मधूनच माझा टप चाटायची. कितीतरी वर्षं मी तिची पालखी होते. ती म्हातारी झाली, शर्यती थांबल्या, आणि मी खजुरीच्या झाडाखाली गंजत उभी राहिले. शेळ्या माझ्या बोनेटवर चढून ऊन खात बसायच्या. त्यांना कुणी हुसकत नव्हतं, याचंच वाईट वाटायचं.

मग रय्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. रय्या म्हणजे बाबांची धाकटी लेक. आमच्याकडच्या बायका वाळूत गाडी अशी हाकतात की पुरुषांनी बघत राहावं. तिनं माझ्या पाठीवर दोन बाक, कठडा, पट्टे, छप्पर असं सगळं बसवून घेतलं आणि बाबांना म्हणाली, "लहान मुलांना वाळू दाखवायला नेणार. मोठ्यांना काय, सगळेच नेतात."

"लहान मुलं ओकतात आणि रडतात," बाबा म्हणाले. "मला उंटांच्या चाऱ्याला गाडी हवीय."

"एकदा नेऊन तर बघू द्या."

"ने. पण एक जरी पोर रडलं, तरी गाडी चाऱ्याला. हा माझा शब्द."

बाबांचा शब्द म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. एकदा रागाच्या भरात 'यंदा खजूर खाणार नाही' म्हणाले आणि स्वतःची बाग असून वर्षभर नुसते बघत बसले. माझ्या इंजिनात धस्स झालं. शेळ्या परवडल्या, पण गवताचे भारे नकोत. भारे काही बोलत नाहीत हो.

पहिल्या फेरीला सहा मुलं आली. मस्कतला नोकरीला आलेल्या परदेशी लोकांची, पाच-सहा वर्षांची. आईबाप तंबूत चहा पीत बसले. वाळू सुरू होते तिथं रय्या उतरली आणि माझ्या चाकांतली हवा कमी करायला लागली, नाहीतर चाकं रुततात. फुस्स करून आवाज झाला.

"गाडी पादली," मारिट नावाची चिमुरडी गंभीरपणे म्हणाली.

झालं. सहाही पोरं पोट धरून हसायला लागली, आणि अजून तीन चाकं बाकी होती. मी लाजले खरी, पण खोटं कशाला बोलू, शेवटच्या चाकाला जरा मुद्दामच लांबवलं.

मग चढ. घुरघुरत मी टेकडीच्या माथ्यावर पोचले. पुढं नुसतं आभाळ. रय्यानं मला उतारावर सोडून दिलं आणि मी घसरत, डुलत, दोन्ही बाजूंनी वाळू उडवत खाली आले. मागून किंकाळ्या. रडणं की हसणं, मला कळेना. जीव मुठीत धरून खाली थांबले.

"परत," सहा आवाज एकदम आले.

परत गेले. पुन्हा परत गेले. माझं वय मला आठवेना.

घोटाळा झाला तो नस्राआत्याकडे. ती बाबांची बहीण. तिच्या तंबूवरून कॉफी न घेता पुढं जाणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. आत्यानं इवल्याशा कपांत घोट-घोट वेलदोड्याची कॉफी ओतली, पुढ्यात खजूर ठेवले. आमच्यात पुरे झालं की रिकामा कप जरासा हलवतात. तोवर यजमान ओतत राहतो. हे आमच्या रांगत्या पोरालाही कळतं, त्यामुळे पाहुण्यांना सांगावं असं रय्याच्या डोक्यातच आलं नाही. ती माझ्या चाकांशी खुडबुडत बसली. इकडे मुलांनी शहाण्यासारखे कप सरळ पुढं धरले. आत्या ओतत गेली.

रय्या हात झटकत आली तेव्हा मारिट तंबूभोवती धावत सुटली होती आणि बाकीची पाच तिच्या मागं.

"आत्या, किती पाजलीस गं?"

"मागितली तेवढी. गुणी आहेत हो लेकरं, तुझ्यासारखी नखरेल नाहीत."

परतीच्या वाटेवर सहा जणं सहा वेगवेगळी गाणी म्हणत होती. मी उड्या मारत होते. आयुष्यात इतकी खूश मी कधीच नव्हते, आणि एकही पोर रडलं नव्हतं. तंबू दिसू लागले. बाबा कान देऊन उभे होते.

रय्यानं कठडा उघडला. "चला, उतरा. संपली फेरी."

मारिटनं कठड्याला मिठी मारली, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. तिचं ऐकून दुसरं, मग तिसरं. दोन्ही बाक रडायला लागले. उतरायचंच नव्हतं कुणाला.

"बाबा, ही घाबरून रडत नाहीयेत," रय्या काकुळतीला आली.

"का रडतात ते मी कुठं विचारलं होतं? पोर रडलं, गाडी चाऱ्याला. शब्द म्हणजे शब्द."

त्यांनी हात पुढं केला. रय्यानं किल्ली दिली. माझ्यातलं सगळं तेल गोठल्यासारखं झालं. बाबा चढून बसले, मागं वळून त्यांनी त्या सहा ओल्या नाकांकडे बघितलं.

"यांना कशाला उतरवतेस?" ते म्हणाले. "मी गाडीचा शब्द दिला होता, पोरांचा नाही. पट्टे बांध त्यांचे. उंट उपाशी आहेत."

आईबापांनी तंबूतून हात हलवला आणि मी चाऱ्याला निघाले. मधे लसूणघासाचे भारे, दोन्ही बाकांवर पोरं, पोरांच्या केसांत गवत. उंटांना इतक्या आरडाओरड्यात कधी कुणी जेवायला वाढलं नसेल.

तेव्हापासून असंच चालतं. फेरी संपली की बाबा येऊन उभे राहतात. कुणी रडलं की गाडी चाऱ्याकडे वळते, पोरांसकट. परवाची मुलं मात्र फार वळणाची निघाली. आभार मानून एकेक करून उतरली. बाबा संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मीही नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मुलांना घेऊन इकडे आलात, तर उतरताना त्यांना गप्प करू नका. थोडं रडू द्या.