योगिनीताईचं राहिलेलं इंजेक्शन

"मॅडम, मांजरानं ओरबाडलेला माणूस म्याव म्याव करतो का?"

हा प्रश्न मी भर हॉलमध्ये, माइक हातात धरून विचारला. माझी मैत्रीण निशिगंधानं पैज लावली होती, "तुझ्याच्यानं होत नै, नक्को." पण गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून मी माइकला घाबरत नाही. सगळा हॉल हसला. शाळेत रेबीजवर बोलायला आलेल्या डॉक्टर सुजाता तेवढ्या हसल्या नाहीत.

"कुणाला ओरबाडलंय?"

"माझ्या चुलत बहिणीला."

योगिनीताई कॉलेजसाठी नांदेडहून आमच्याकडे विद्यानगरला राहायला आली आणि माझं अर्धं टेबल गेलं. ते एक वेळ चाललं असतं. पण जिन्यातल्या भटक्या बोक्यानं तिचं मनगट ओरबाडलं आणि तिचं नशीबच उघडलं. इंजेक्शनला पप्पा तिला स्कूटरवर न्यायचे. येताना कोटीच्या बाजारात थांबून दोघं इराणी हॉटेलातला चहा प्यायचे. मला घरी उस्मानिया बिस्किटांचा पुडा. "तुझ्यासाठी आणलाय गं," असं ताई वर म्हणायची. मला पुडा नको होता. मला पप्पांसमोर बसून त्यांच्या कपात बिस्किट बुडवायचं होतं.

काल तिसऱ्या इंजेक्शनचा दिवस होता. पप्पा खाली स्कूटर काढत होते. ताई हेल्मेट घालत होती. मी हळूच म्हणाले, "निघाली का महाराणींची स्वारी? नांदेडला मांजरं नव्हती वाटतं."

तिनं हेल्मेट काढून चपलांच्या रॅकवर ठेवलं. जिन्यातून हाक मारली, "काका, नको आता. सुकलंय सगळं."

पप्पांनी वर येऊन मनगट पाहिलं. बारीक तपकिरी रेघ उरली होती. आई म्हणाली, "मांजरच ते, कुत्रं थोडंच हाय?" स्कूटर परत आत गेली. मी काल रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

"इंजेक्शनं घेतेय ना ती?" डॉक्टरांनी स्टेजवरून विचारलं.

"दोन घेतली. आता सुकलंय म्हणून..."

"मांजर पंजे चाटतं, लाळ नखांना लागते. म्हणून ओरखडा उठला की साबण लावून नळाखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायचं. हळद नाही, चुना नाही. आणि लगेच दवाखाना." मग त्या एकट्या माझ्याकडे बघून बोलल्या. "जखम सुकली म्हणजे रेबीज टळला असं नसतं. त्याची लक्षणं एकदा दिसायला लागली, की आमच्याकडे औषध नाही. राहिलेलं आजच घ्यायला सांग. पुढचीसुद्धा, ज्या त्या तारखेला."

निशिगंधा अजून हसत होती. पैज मी जिंकले होते. मी माइक तिच्याच हातात देऊन खाली बसले.

घरी आले तर ताई टेबलापाशी. वह्या मांडीवर, माझी बाजू मोकळी.

"काल का नाही गेलीस?"

"काका दमून येतात गं. दुसऱ्याच्या घरी किती परेशान करायचं?"

दुसऱ्याच्या घरी. ती माझ्याकडे न बघता ओढणीनं मनगट झाकत होती. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिनं मनगटावरची ओढणी बाजूला केली. मग हळूच म्हणाली, "काकांना आता परत कसं सांगू?"

तेवढ्यात पप्पा आले. एक बूट काढलेला, एक पायात. आई चहा टाकत होती. मी ताईचा हात धरून दोघांसमोर उभी राहिले.

"ताईचं इंजेक्शन राहिलंय. ते आजच घ्यायला लागतं. मी डॉक्टरांना विचारलंय."

पप्पांनी काढलेला बूट परत पायात चढवला. "मग चला, मी स्कूटर..."

"नको. तुम्ही बसा, पप्पा. आता शेवटच्या इंजेक्शनपर्यंत हिला मीच नेणार, बसनं. आई, आमचा चहा टाकू नको, आम्ही दोघी कोटीला पिऊ. तुमच्यासाठी पुडा आणते."