आप्पासाहेबांच्या टेबलावरचा फोन

सत्यशीला आत्याची कन्नडला बदली होणार की नाही, हे शनिवारी सकाळी अकरा वाजता ठरणार होतं. आत्या कन्नडला गेली की मी लासूर स्टेशनला, घरी परत. कारण सिडकोतल्या तिच्या दोन खोल्यांत राहूनच मी आठवीपासून इथं शहरात शिकते, आणि पंधरा जूनला माझी दहावी सुरू. म्हणजे बदली तिची, पण दप्तर माझंही उचललं जाणार होतं.

आणि हे सगळं एका मोडेमपायी.

मोडेम काय असतो हे माझ्या वर्गात कुणालाच माहीत नाही, म्हणून सांगते. साबणाच्या डबीएवढी काळी पेटी. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला साधी टेलिफोनची लाईन. ती नंबर फिरवते, पलीकडची पेटी फोन उचलते, मग दोघी एकमेकींवर कर्कश किंचाळतात आणि त्या किंचाळण्यातूनच माहिती येते. आत्या एका दूध संघाच्या हेड ऑफिसात ऑपरेटर आहे. (संघाचं नाव लिहीत नाही, तिला अजून नोकरी करायचीय.) तिथली पेटी रोज सकाळी गंगापूर, कन्नड आणि लासूरच्या दूध केंद्रांना फोन लावते. केंद्रांवरची दूध तपासायची यंत्रं इतकी जुनी आहेत की मोडेमशिवाय कुणाशी बोलतच नाहीत. नवी यंत्रं घ्यायचा ठराव आठ वर्षांपूर्वी एकमतानं मंजूर झालाय. एकमतानं मंजूर झालेल्या गोष्टीबद्दल पुन्हा भांडायला काही उरत नाही, म्हणून तिच्याकडं पुन्हा कुणी बघतही नाही.

तपासणीची यादी आल्याशिवाय टँकर हलत नाहीत. तिन्ही केंद्रांच्या याद्या पूर्वी वीस मिनिटांत यायच्या. आता दोन तास वीस मिनिटं. तेही मे महिन्यात, आमच्या इथल्या उन्हात! गंगापूरचा एक टँकर उभ्या उभ्या नासला, तेव्हा संघाला जाग आली.

मग प्रत्येकानं निदान केलं. अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे. तोंड पूर्वेला फिरवलं. उपाध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, यंत्राला उकडतंय. मोडेमला टेबलफॅन मिळाला, जो आत्या सहा वर्षं मागत होती. सचिव सोमनाथरावांनी ‘मंदगती निवारण उपसमिती’ नेमली. तिची पहिलीच बैठक लोक उशिरा आल्यामुळे तहकूब झाली. शेवटी आप्पासाहेबांचा पुतण्या आकाशदादा आला. सव्वीस वर्षांचा, कॉम्प्युटरची डिग्री घेतलेला, गॉगल डोक्यावर. त्यानं मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

“यात विंडोज कुठंय?”

“हे लिनक्स आहे,” आत्या म्हणाली.

“तेच म्हणतो मी. व्हायरस आहे.”

आप्पासाहेबांनी मान डोलावली. “मशीन तेच, लाईन तीच. मग मंद कोण? ऑपरेटर! आकाशला बसू द्या त्या खुर्चीत. बाईंना कन्नडच्या गोदामात टाकू. शनिवारी सगळ्या संचालकांसमोर एकदा मशीन चालवून बघायचं, अन् फायनल.”

घरी येऊन आत्यानं खिचडीत दोनदा मीठ घातलं, आणि मी ती गप खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. शाळेला सुट्टी होती, मी आत्याचा डबा घेऊन ऑफिसात गेले आणि उठलेच नाही. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये लिनक्सच आहे, आणि या वर्षी मला एक शोध लागलाय की मोठ्या माणसांनाही बऱ्याच गोष्टी येत नाहीत, ती फक्त जोरात बोलतात. तेव्हापासून मला कशाची भीती वाटत नाही.

“आत्या, सरक.”

“सायले, काही बिघडलं तर?”

“आणखी काय बिघडणारंय?”

आधी कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातला वेग पाहिला. भरपूर होता. मग वायर बदलून पाहिली. तेच. मग तिन्ही केंद्रांना आळीपाळीनं फोन लावला, आणि तिन्ही सारखीच रांगत होती. तिन्ही केंद्रं एकाच वेळी कशी बिघडतील? म्हणजे खोट आपल्या टोकाला. मग मोडेमचा स्पीकर, जो आवाज नको म्हणून कुणीतरी बंद ठेवला होता, तो हुकूम देऊन चालू केला. दोन्ही पेट्या किंचाळायच्या, थांबायच्या, परत पहिल्यापासून किंचाळायच्या. जत्रेत दोघी जणी एकमेकींना “काय? ऐकू नाय आलं!” करतात ना, तसं. आणि मागं सारखी एक घरघर.

“लाईनवर कचरा आहे,” मी जाहीर केलं.

“मी रोज झाडतो,” दारातून फकिरामामा म्हणाले. हे ऑफिसचे शिपाई. झाडण्यापासून वायरिंगपर्यंत सगळं तेच करतात आणि सगळ्याचा त्यांना अभिमान आहे.

लिनक्सची एक गोष्ट मला फार आवडते. ते सगळं लिहून ठेवतं, आणि कुणाचा हुद्दा बघून लिहीत नाही. प्रत्येक फोन किती वेगानं जोडला गेला, याची आठ वर्षांची नोंद त्यात होती. मी फक्त वेगाच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि हसायलाच लागले. वेग हळूहळू कमी झालाच नव्हता. जिन्यासारखा उतरला होता. वर्षानुवर्षं सेकंदाला तेहेतीस हजार सहाशे बिट. मग एका दिवसात अठ्ठावीस हजार आठशे. मग एकवीस हजार. मग चौदा. आणि या वर्षीच्या मार्चपासून थेट चार हजार आठशे. चार पायऱ्या, चार तारखा.

“आत्या, दोन हजार एकोणीस, सहा फेब्रुवारी. काय झालं होतं?”

“मला काय आठवणार गं... थांब. पेढे वाटले होते. आप्पासाहेबांच्या टेबलावर फोन बसवला त्या दिवशी.”

“आणि अकरा नोव्हेंबर एकवीस?”

“तेव्हापण पेढे.” आत्या उठून उभीच राहिली. “तात्यासाहेब रुसले होते. अध्यक्षाला फोन, मग उपाध्यक्ष काय उपरा? म्हणून त्यांनाही बसवला.”

तिसरी पायरी सोमनाथरावांची निघाली. चौथी पाहुण्यांच्या सोफ्याची, कारण पाहुण्यांचाही मान असतो. ऑफिसात लाईन एकच. तिलाच एकामागून एक चार फोन जोडलेले. आत्यानं ठरावाचं बुक आणलं. चारही तारखा जुळल्या.

“फकिरामामा, जोड कुठं दिलाय?”

मामांनी अभिमानानं दाखवला. वायरी दातानं सोललेल्या, एकमेकींना पीळ घातलेल्या, वरून जखमेला लावतात ती चिकटपट्टी. सोफ्याकडं जाणारी वायर तर कूलरच्या मोटरीला मिठी मारून गेली होती. घरघर तिथली!

“लई मजबूत जोड हाय,” मामा म्हणाले. “तुटायचा नाय.”

“तुटायलाच पाहिजे, मामा.”

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला एकदाचे सगळे साहेब लोक गेले. मामांनी देवाला नमस्कार केला आणि चारही जोड सोडवले. मी लासूरला फोन लावला. पेट्या एकदाच किंचाळल्या, घरघर नाही, आणि पडद्यावर आलं: तेहेतीस हजार सहाशे. सात मिनिटांत अख्खी यादी! मी टेबलावर चढून नाचणार होते, पण आत्याचा चेहरा पाहिला.

“परत जोड, फकिरा,” ती म्हणाली.

“अगं का?”

“आप्पासाहेबांना कोण सांगणार, की तुमच्या टेबलावरचा फोन काढा म्हणून? मागच्या सचिवानं त्यांची खुर्ची पुसायला म्हणून बाहेर काढली होती. तो आता पैठणला असतो.”

हे खरं होतं. बिघाड सापडला होता, पण तो बिघाड संघातला सगळ्यात मोठा माणूस होता. मी तिथं बसून विचार केला. मग टेलिफोनच्या बिलांची फाईल काढली. लावलेल्या नंबरांची यादी असते त्यात. सहा महिन्यांत या लाईनवरून फक्त तीन नंबर लागले होते: गंगापूर, कन्नड, लासूर. सगळे मोडेमनं लावलेले.

“म्हणजे?” आत्या म्हणाली. “आप्पासाहेब तर रोज पाहुण्यांसमोर मंत्रालयात बोलतात.”

मी बिलावर बोट ठेवलं; मंत्रालयाचा नंबर त्यात कुठंच नव्हता. मग फकिरामामांनी चिकटपट्टी खिशात घातली. “मग तो फोन मेलेलाच हाय की, ताई. मेलेल्याला मारलं तर पाप नाय.”

चारही फोन टेबलांवर जागच्या जागी राहिले. वायरी तेवढ्या गालिच्याखाली संपल्या.

शनिवारी अकराला सगळे संचालक आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये जमले. आत्याचं मशीन आणि मोडेमही टेबलासकट, लांब वायर ओढून, तिथंच आणलं होतं. आकाशदादा मोबाईलवर सेकंद मोजायला तयार. आत्या मशीनपुढं बसली. मी तिच्या खुर्चीशेजारी उभी राहिले.

“चालवा, बाई,” सोमनाथराव म्हणाले.

“थांबा!” आप्पासाहेबांनी हात वर केला. “आधी मी एकदा वरती बोलून घेतो. नंतर कुणी म्हणायला नको, लाईनची चौकशी केली नाय.”

आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

फकिरामामा पाण्याचा ट्रे घेऊन तसेच थिजले. आप्पासाहेबांनी शांतपणे दहा बटणं दाबली. थोडं थांबले. मग चेहरा फुलला.

“हां, हॅलो! आप्पासाहेब बोलतोय. हां... हां... नाय, घरी सगळे मजेत. तुमच्याकडं? वा वा. हे बघा, आमच्या लाईनचा स्पीड पडलाय. नाय नाय, उद्या नाय, आत्ताच्या आत्ता वाढवा. काय? वरिष्ठांना विचारतो? अहो, वरिष्ठांना माझं नाव सांगा फक्त! हां. मग असं बोला की!”

रिसीव्हर ठेवून त्यांनी घाम पुसला. “करतो म्हणाले.”

आत्यानं बटण दाबलं. पेट्या एकदाच किंचाळल्या. तेहेतीस हजार सहाशे. लासूर सात मिनिटं, गंगापूर सहा, कन्नड सात. आकाशदादानं सेकंद दोनदा तपासले. तात्यासाहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

“काका, एका फोनमध्ये!” आकाशदादा म्हणाला, आणि बिचारा खरंच भारावला होता.

आप्पासाहेब खुर्चीत रेलले. “लाईनच मंद होती. त्यात बाईंचा काय दोष? उगं गरिबाची बदली कशाला? ऱ्हाऊ द्या इथंच.”

मी तोंड उघडलं. आत्याच्या चपलेनं माझा अंगठा दाबला. बाहेर आल्यावर मी उसळलेच. “आत्या, खरं काय ते सांगायला नको?”

“तुला माहितीय, मला माहितीय, फकिराला माहितीय. तीन माणसं पुरे झाली. दहावीची पुस्तकं कधी आणायचीत?”

पण संचालक खूश झाले की काहीतरी मंजूर करतातच. त्यांनी ठराव घेतला, की सत्यशीलाबाईंच्या निष्ठेबद्दल त्यांच्याही टेबलावर फोन बसवण्यात यावा. एकमतानं! आत्या नको नको म्हणाली, तर सगळ्यांना ती नम्र वाटली.

सोमवारी फकिरामामा नवा लाल फोन घेऊन आले. आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी आत्याकडं. वायर त्यांनी सुबक गुंडाळून ड्रॉवरमध्ये सरकवली. पेढे वाटले.

दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा सोमनाथराव तरातरा येत होते. “बाई, तिन्ही केंद्रांचा वर्षभराचा तक्ता मला पाच मिनिटांत हवाय!”

माझी आत्या, जी अकरा वर्षं साहेब लोकांपुढं उभी राहून बोलायची, तिनं बसल्या जागी लाल रिसीव्हर उचलून कानाला लावला, त्यांना तळहात दाखवून थांबवलं आणि म्हणाली, “हां, बोला साहेब, ऐकतेय.”

आणि सोमनाथराव थांबले. चांगली दहा मिनिटं, हात बांधून.