दातारांचा अभेद्य कॉम्प्युटर

नारायण पेठेतले यज्ञेश्वर दातार बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी आपला सगळा संशय घरच्या कॉम्प्युटरवर ओतला. पूर्वी निदान तो खातेदारांमध्ये वाटला तरी जायचा. कुठल्याशा व्हायरसची बातमी वाचली आणि गडी कंबर कसून बसला. ब्लूटूथ बंद, माइक बंद, कॅमेरा बंद. ठरवून दिलेल्या चार प्रोग्रॅमांखेरीज पाचवा उघडेल तर शपथ. अपडेट मात्र देवपूजेच्याही आधी. एवढा बंदोबस्त कशाचा म्हणाल, तर वीजबिलं आणि संपादकांनी न छापलेली पत्रं!

शेवटी त्यांचा स्वतःवरचाही विश्वास उडाला. आपल्याच हातून भलतंसलतं उघडू नये म्हणून त्यांनी स्वतःला साधा वापरकर्ता करून टाकलं आणि नवा प्रोग्रॅम घालायला लागणारा मालकीचा पासवर्ड बायकोला, कुसुमताईंना, ठरवायला लावला. टाइप होईपर्यंत स्वतः पाठ फिरवून उभे! वर ताकीद दिली, "घाईघाईने मागेल तो चोर समजायचा. मी मागितला तरी द्यायचा नाही."

वरच्या मजल्यावरच्या श्यामलाबाईंच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता. ती धर्मशाळा आहे, असं दातार जिन्यात चारचौघांदेखत म्हणाले होते. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पेठेत असं गप्प बसणं कुणी फुकट घालवत नाही.

मग मुलगी तनया कॅनडात बाळंत झाली. नातीचं बारसं व्हिडिओ कॉलवर दिसणार होतं आणि स्मार्टफोनला तर घरात बंदी. कॉलचा प्रोग्रॅम घालून ठेवा, म्हणून कुसुमताईंनी आठवडाभर विनवलं. आधी तो तपासावा लागेल, असं उत्तर मिळालं.

बारशाच्या दिवशी दातार इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसले. कॉलचा प्रोग्रॅम काही उघडेना. कॉम्प्युटर पासवर्डच मागत राहिला. नातीला त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

"कुसुम, पासवर्ड सांग. लवकर."

कुसुमताई पैठणी नेसून दारात उभ्या होत्या. "घाई करताय," त्या शांतपणे म्हणाल्या आणि सरळ वर श्यामलाबाईंकडे निघून गेल्या.

दातार फुरंगटून बसून राहिले. थोड्या वेळाने वरून पाळण्याचं गाणं ऐकू आलं, मग बाळाचं रडणं. ते ऐकलं मात्र, त्यांचा सगळा ताठा गळाला. अनवाणीच जिना चढून त्यांनी दार वाजवलं.

श्यामलाबाईंनी ते पुरतं उघडलं.

"वाजवता कशाला, दातार? धर्मशाळेला कडी नसते."