भेगेवरची काच

मी भेगेवरची काच बोलतेय. खिडकीची नव्हे, आरशाची तर नव्हेच. माझ्यातून कुणी बाहेर बघत नाही, माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. भिंतीला तडा गेला की त्याच्यावर आडवी बसवतात ती वीतभर पट्टी मी. दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये घट्ट. भिंत सरकली तर मी फुटायचं, नाहीतर गप्प बसायचं. काम एवढंच, पण या कामानं माझा जीव कधी थाऱ्यावर राहिला नाही.

मी जन्मले कानियो मिस्त्रींच्या हातून. आयुष्यभर त्यांनी दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता प्रांतातल्या आमच्या गावाच्या खिडक्यांना काचा बसवल्या. हात थकल्यावर धंदा सोडला, पण काच कापायचं हिऱ्याचं कलम तेवढं खिशात ठेवलं. लोरुस्सो नावाची इंजिनिअर बाई त्यांच्या घराला गेलेला तडा बघायला आली, तिच्याकडच्या पट्ट्या संपल्या होत्या. मिस्त्रींनी जुन्या तावदानावर कलमानं रेघ ओढली, खालून टिचकी मारली आणि मी वेगळी झाले.

"सुरेख कापलीत," बाई म्हणाली.

"चाळीस वर्षं पोट कशावर भरलं, बाई?"

तडा मागच्या खोलीत होता. ती लावेरिओची खोली. लावेरिओ म्हणजे मिस्त्रींचा मुलगा. तो वारल्यापासून तिथं कुणी झोपत नव्हतं. पलंगावर चादर होती, दारामागं त्याचा कोट होता, आणि मिस्त्रींची बायको रोकीना दर शनिवारी तिथला केर काढायची. खोलीची बाहेरची भिंत उताराच्या काठावर होती. उतार निव्वळ चिकणमातीचा. उन्हाळ्यात दगडासारखा कडक, पावसात लोण्यासारखा.

मला बसवताना बाईनं छताच्या दिव्याला बोटानं धक्का दिला. दिवा झुलला, झुलत झुलत जागेवर आला.

"घर थोडं हलतंच, मिस्त्री. टेकडीही हलते. जाऊन परत येतं, त्याला मी स्थिर म्हणते. हा दिवा स्थिर आहे. जाऊन परत येत नाही त्याची मला भीती वाटते. केसाएवढं हललं तर ही काच सोसेल. त्याच्यापुढं गेलं तर फुटेल. फुटली की मला फोन करायचा आणि घर सोडायचं. खालच्या वस्तीत तुमच्यासाठी खोल्या ठेवल्यात."

"नाही फुटायची," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पलंगाकडे पाहिलं.

पुढं उन्हाळाभर मी निवांत होते. म्हणजे दिसायला. आतून मला भिंतीचा प्रत्येक श्वास लागायचा. दुपारी तापली की फुगायची, पहाटे आखडायची. मी मोजत राहायचे, गेली का? आली का? येत होती.

गावाला मात्र माझा चाळा लागला. आमच्या भिंतीच्या बरोबर खाली पांक्राझिओचा शेळ्यांचा गोठा होता. तो रोज सकाळी खालून ओरडायचा, "कानियो, तुझी काचेची राणी शाबूत आहे का रे?"

"तुझ्या अकलेपेक्षा शाबूत आहे! तुझ्या शेळ्यांनी टेकडीची झुडपं खाऊन तिला टकली केली, म्हणून तर ही पाळी आली."

"शेळ्या काय, तुझ्याइतकंच खातात!"

हसणं व्हायचं आणि पांक्राझिओ धारा काढायला बसायचा. काच शाबूत, म्हणजे भिंत शाबूत, म्हणजे गोठा शाबूत.

शरदात पाऊस लागला. एका सकाळी मला ताण जाणवला. या खेपेला भिंत गेली ती आलीच नाही. माझ्या अंगातून बारीक कळ निघाली. आता फुटणार, असं वाटत होतं. तेवढ्यात मिस्त्री आत आले. त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. काचेवर ताण आलेला त्यांच्या बोटाला कळतो. ते बाहेर गेले आणि पातळ सुरी घेऊन आले, सोबत खडूची पूड आणि जवसाचं तेल. त्यांनी माझ्या एका टोकाचं प्लास्टर खरवडलं, पूड तेलात कालवून लांबी, म्हणजे खिडकीत काच बसवायचं मऊ लुकण, मळली आणि मला तिच्यात बसवलं.

"काचेला जागा लागते, पोरी," ते मला म्हणाले. "लाकूड फुगतं, आखडतं. लांबीत बसवलेली काच टिकते."

खिडकीसाठी हे अगदी खरं आहे. त्या बाईला फसवायचं त्यांच्या मनात होतं, असं मला आजही वाटत नाही. काच फुटू द्यायची नाही, एवढंच त्या हातांना येत होतं. मला वाचवलं की घर वाचलं, घर वाचलं की खोली वाचली, असा त्यांचा हिशेब.

त्यानंतरचे दिवस काय सांगू! भिंत उताराकडे सरकत होती आणि मी मऊ लांबीत तिच्यामागून घसरत होते. अंगावर ओरखडासुद्धा नाही. खालून पांक्राझिओ विचारायचा, वरून मिस्त्री "शाबूत!" म्हणायचे आणि मी तळमळायचे. मला तोंड एकच होतं, फुटण्याचं. तेच त्यांनी मायेनं बंद केलं होतं.

पकडलं ते रोकीनानं. त्या भिंतीला बाहेरून तिनं लाल मिरच्यांची माळ टांगली होती. माळ लावली तेव्हा ती वरपासून खालपर्यंत भिंतीला चिकटून होती.

"कानियो, इकडे ये. माळेच्या खालच्या टोकामागं माझी मूठ जाते."

"वाऱ्यानं हलली असेल."

"वारा थांबला की माळ सरळच होते. भिंत होत नाही."

"मिरच्या सुकल्या, हलक्या झाल्या."

"सुकलेली मिरची भिंतीपासून पळते होय? मला खुळी समजतोस?"

ती तडक आत आली आणि तिनं अंगठा माझ्या टोकावर दाबला. मी सरकले. लांबीत तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. तिनं अंगठा नाकाशी नेला.

"हा वास मी चाळीस वर्षं तुझ्या सदऱ्यातून धुतलाय," ती हळूच म्हणाली. मिस्त्री लांबीवरचा ठसा बोटानं सारखा करू लागले.

"खाली पांक्राझिओ बसतो, कानियो."

"या खोलीत लावेरिओ..."

"या खोलीत कोट आहे. कोट मी उचलून नेईन." तिचा आवाज थोडा हलला, पुन्हा जागेवर आला. "त्या बाईनं बसवली होती तशी बसव. टिकली तर मरेपर्यंत इथनं जा म्हणणार नाही. फुटली तर निघायचं."

मिस्त्रींनी पलंगावरची चादर हातानं सारखी केली. मग त्यांनी प्लास्टर कालवलं. लांबी त्यांनी सगळी खरवडून काढली आणि मला बसवलं अगदी घट्ट. तसं कुणीच बसवलं नव्हतं.

मी फुटले ती दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या वेळेला. आवाज फार नव्हता, नख तोडल्यासारखा. स्वयंपाकघरात मिस्त्रींनी चमचा खाली ठेवल्याचं मला ऐकू आलं.

"रोकीना, अंगावर काहीतरी घे," ते म्हणाले. मग खिडकी उघडून त्यांनी खाली हाक मारली, "पांक्राझिओ! शेळ्या बाहेर काढ."

"का रे, राणीला काय झालं?"

"फुटली."

पांक्राझिओनं पुढं थट्टा केली नाही. थोड्या वेळानं फक्त शेळ्यांच्या घंटा वाजत वाजत उताराच्या आडवाटेनं लांब गेल्या.

जाताना रोकीनानं कोट घेतला. मिस्त्री मागं थांबले. त्यांनी माझ्या दोन्ही तुकड्यांमधल्या फटीवर बोट फिरवलं, बोट जरा कापलं, ते त्यांनी तोंडात धरलं आणि दार न लावताच ते गेले.

आता मी दोन ठिकाणी आहे, एक तुकडा घरात आणि एक घर सोडून चाललेल्या भिंतीवर. मधून आभाळ दिसतं. तुमच्या घरी कधी माझ्यासारखी काच बसवायची वेळ आली, तर तिला घट्ट बसवा. ती फुटली म्हणून तिच्यावर चिडू नका आणि ती फुटू नये म्हणून तिच्यावर माया करू नका. आज पुन्हा पाऊस आहे. भिंत रात्री पडेल की वसंतात, ते मला सांगता येत नाही. पण खाली कुणी नाही.