शूहेइच्या गाडीचा आवाज

शूहेइच्या मोटरसायकलची बॅटरी पाच महिने त्याच्या आईच्या, तोकिएच्या घरात स्टोव्हशेजारी जुन्या स्वेटरात गुंडाळून बसली होती. माणसाचेही एवढे लाड कुणी करत नाही! पण शेडमधल्या थंडीत बॅटरी मरते, असं लेकाने बजावलेलं. आणि होक्काइदोच्या त्या हिवाळ्यात तोकिएकडे ऊब घ्यायला दुसरं होतं तरी कोण? रॉकेलवाला महिन्यातून एकदा यायचा, तोही दारातूनच परत.

दर मे महिन्यात शूहेइ ओसाकाहून सुट्टीला यायचा आणि गाडी सुरू करायचा. तो आवाज ऐकला की शेतापलीकडची मासुए हातातलं काम टाकून यायची. घर कसं भरून जायचं. यंदा मात्र त्याचा फोन आला. "आई, नाही जमत गं. आणि ती गाडी विकून टाक ना एकदाची."

"बरं," तोकिए म्हणाली. फोन ठेवला आणि घर तिला खायला उठलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने शेडचं दार सताड उघडलं. दार लावून इंजिन चालवलं तर धुरानेच मरायचं, आणि चार दिवस कुणाला पत्ताही लागायचा नाही, असं ती स्वतःशीच पुटपुटली. सायलेन्सरमध्ये उंदीर शिरू नयेत म्हणून कोंबलेलं फडकं तिने आठवणीने उपसून काढलं. आधी लाल वायर, मग काळी, अशी बॅटरी जोडली. चाकांत हवा भरली, ब्रेक दाबून पाहिले, रिकाम्या टाकीत ताजं पेट्रोल ओतलं.

खोटं कशाला बोला, तिला गाडीची काळजी वगैरे काही नव्हती. तिला मासुए यायला हवी होती. पण 'मला एकटीला करमत नाही, ये' असं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

गिअर न्यूट्रलला आहे ना, हे पाहून तिने बटण दाबलं. घर्रर्र करून बंद. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी खोकली आणि धडधडायला लागली. तोकिए शेताकडे डोळे लावून उभी राहिली.

आली! फुकी या रानभाजीच्या कळ्यांची गरम भजी घेऊन मासुए धापा टाकत आली. "कुठाय गं तो गधडा?"

तोकिएने गाडी बंद केली. "झोपलाय," तिच्या तोंडून निघून गेलं. "रात्री उशिरा आला."

घरात शिरताना मासुएने दाराशी पाहिलं. तिथे बुटांचा एकच जोड होता, तोकिएचा. तिने फक्त आवाज खाली आणला. "झोपू दे हो, दमला असेल पोरगा."

मग तासभर दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात कुजबुजत बसल्या. कुणाचं छप्पर बर्फाने बसलं, कुणाचे किती दात उरले. तोंडावर हात दाबून दाबून हसल्या. शूहेइसाठी चार भजी बाजूला काढून ठेवली. इतकं हसून तोकिएला किती महिने झाले होते!

निघताना मासुएने बूट चढवले आणि तशीच कुजबुजली, "उद्याही सुरू कर हं गाडी. मी येते. त्याची काही झोप मोडायची नाही."