प्रश्नचिन्ह कुणी गाळलं?

लांबून बघणाऱ्याला वाटतं, भिंतीवर कुणी हिरवी सतरंजी वाळत घातली आहे. नाही हो मित्रांनो, मी या कॉलेजचा जुना सूचनाफलक आहे! सागवानी चौकट, आत मऊ पुठ्ठा आणि वर हिरवं कापड, असा माझा देह. मला घडवणारा सुतार भारी चोखंदळ होता. कोपरे जुळेनात म्हणून त्याने मला दोनदा उकललं आणि तिसऱ्यांदा जोडलं. "शेकडो पोरं रोज तुझ्याकडे बघणार. तू तिरका दिसलास तर शिव्या मला," असं पुटपुटत त्याने मला पॉलिश केलं.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची होती. निकाल लागला की माझ्यासमोर ही झुंबड! कुणाचा चष्मा पडे, कुणाची चप्पल तुटे. पास झालेला एक जण तर माझीच पापी घेऊन गेला होता. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. निकाल फोनवर, वेळापत्रक फोनवर. माझी रवानगी जिन्याखाली झाली आणि शिपाईकाका माझ्यावर ओली फडकी वाळत घालू लागले. पण तक्रार कुणाकडे करणार? सगळ्यांच्या तक्रारी माझ्यावर लागत, माझी लावायला जागा नव्हती.

माझं नशीब पालटलं ते नव्या मॅडममुळे. बावीस वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात उपसंपादकाचं काम केलं होतं, म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका वेचायचं. आता त्या मुलांना माध्यमं हा विषय शिकवायला आल्या होत्या. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही आणि हातातला फोनसुद्धा.

"काका, जिन्याखालचा तो फलक माझ्या वर्गात लावून द्या," त्या म्हणाल्या.

"त्याला वाळवी लागली असेल हो, मॅडम."

"नाही लागलेली. मी वाकून बघून आलेय."

मॅडमचा नियम साधा होता. फोनवरच्या ग्रुपवर जे टाकायची हुक्की येईल, ते आधी कागदावर हाताने लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं आणि माझ्यावर लावायचं. मुलं खो खो हसली. पण नाव घालायची वेळ आली की भल्याभल्यांचे विनोद आटत. एकाने तर लावलेला कागद तीन वेळा काढून, सुधारून पुन्हा लावला. मॅडम त्याला म्हणाल्या, "बघ, झालास ना संपादक!"

वर्गात एक मुलगी होती, अंगाने काडी आणि जिभेने टोकदार. तिला सगळे टाचणीच म्हणत. कागद लावायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. माझी आणि तिची गट्टी जमली.

सगळं छान चाललं होतं, आणि एका सोमवारी कॉलेजभर एक फोटो फिरला. काळ्या भांड्यात मेलेला उंदीर आणि खाली ओळ, 'आपल्या कँटीनमधलं.' झालं! दुपारपर्यंत कँटीनमध्ये चिटपाखरू उरलं नाही. बुधवारी कार्यालयाने चौकशी होईपर्यंत कँटीन बंद ठेवायला सांगितलं.

कँटीन चालवणाऱ्या मावशी त्याच दिवशी वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बारा वर्षं त्यांनी या पोरांना चहा पाजला होता. परीक्षेच्या दिवसांत तर पोरांना दटावून खाऊ घालत.

"मॅडम, माझ्याकडे काळं भांडंच नाही हो," त्या म्हणाल्या. "सगळी स्टीलची आहेत. तीन दिवस झाले, पण आत येऊन कुणी बघितलंसुद्धा नाही."

वर्गातल्या माना खाली गेल्या. मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं.

"मावशी, तुम्ही बसा. आजचा धडा हाच."

प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची होती. फोटो कुणाकडून आला, कुणाला पाठवला आणि सोबत नेमके शब्द काय होते. इतर वर्गांतूनही चिठ्ठ्या आणवल्या. टाचणीने लाल दोऱ्याचं रीळ घेतलं आणि एका चिठ्ठीपासून दुसरीपर्यंत ती दोरा ताणत गेली. तासाभरात माझ्यावर कोळ्याचं जाळंच तयार झालं. इतक्या टाचण्या निकालाच्या दिवशीही टोचल्या नव्हत्या!

सुरुवात सापडली ती मागच्या बाकावर. तिथल्या एकाला तो फोटो त्याच्या मावसभावाने पाठवला होता. त्या भावाला आता फोन लावला तेव्हा कळलं, फोटो दुसऱ्याच गावातल्या कँटीनचा होता.

"मी वर्गाच्या ग्रुपवर नुसतं विचारलं होतं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "हे बघा, 'आपल्या कँटीनमधलं?' पुढे प्रश्नचिन्ह आहे!"

खरंच होतं. मग ते गळलं कुठे? टाचणीने दुसऱ्या टोकापासून दोरा धरला. इतर वर्गांच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं, 'आमच्या सरांनी सांगितलं, म्हणून खरं वाटलं.' त्या सरांना ते शिक्षकांच्या ग्रुपवरून कळलं होतं, आणि तिथे प्रश्नचिन्ह नव्हतं.

"मॅडम, मधला एकच दोरा लागत नाहीये," टाचणी म्हणाली. "आपल्या ग्रुपवरून शिक्षकांच्या ग्रुपवर हे नेलं कुणी? आपल्या ग्रुपवर शिक्षक म्हणजे फक्त..."

ती थांबली. जीभ चावली तिने.

मॅडमनी फोन काढला, सोमवारचे निरोप वर सरकवत नेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जिना चढता चढता, घाईघाईत, त्यांनी ती ओळ स्वतः टाइप केली होती. 'आपल्या कँटीनमधलं. मुलांना सांभाळा.' हेतू चांगला होता. प्रश्नचिन्ह मात्र गाळलं होतं.

तास संपल्याची घंटा झाली. मॅडम उठून गेल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. पण त्यांनी चिठ्ठी घेतली, लिहिली, खाली पूर्ण नाव घातलं आणि स्वतःच्या हाताने माझ्या मधोमध लावली.

"बावीस वर्षं मी लोकांची विरामचिन्हं तपासली," त्या मावशींकडे वळून म्हणाल्या. "आणि स्वतःचं एक सांभाळता आलं नाही. माझं चुकलं."

मावशी म्हणाल्या, "इथे बोललात, चांगलं झालं. पण ऐकलं किती जणांनी? पन्नास? फोटो तर हजारांनी बघितलाय."

मावशींचं म्हणणं मॅडमना पटलं. त्यांनी सगळ्या ग्रुपवर खुलासा टाकला. फोटोवर दिवसभर गदारोळ झाला होता. खुलाशाला आले मोजून अकरा अंगठे! तेव्हा मॅडम उठल्या आणि पायी निघाल्या. मागे टाचणी, मागच्या बाकावरचा तो आणि अख्खा वर्ग. प्रत्येक वर्गात जाऊन त्यांनी आपली चिठ्ठी वाचून दाखवली. दोन दिवस लागले आणि मॅडमचा आवाज बसला. प्राचार्यांनी स्वतः कँटीनमध्ये शिरून भांडी पाहिली आणि बंदी उठवली. पहिला चहा मावशींनी मॅडमच्याच हातात दिला. "प्या, घसा शेकेल," म्हणाल्या. "आणि हळू, घाई नको. घाईने काय होतं, बघितलंत ना!" हे मला टाचणीने येऊन सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग पोट धरून हसत होता, आणि सगळ्यात जास्त मॅडम.

गिऱ्हाईक लगेच परतलं नाही. पंधरवडा तरी गेला. मग एके दिवशी मावशी वर्गात आल्या, टाचणीकडून टाचणी मागितली आणि आपला कागद माझ्यावर लावला. अक्षर मोठं आणि जरा वाकडं होतं. 'ज्याला शंका असेल त्याने आत येऊन भांडी बघावीत. दार उघडं आहे.' खाली त्यांचं नाव होतं. मॅडमनी त्यात एका अक्षराचीही दुरुस्ती केली नाही.

मित्रांनो, मी लाकडाचा, मला कुठे जाता येत नाही. जे लावाल ते मुकाट्याने धरून ठेवणं एवढंच माझ्या हातात. तुम्हाला मात्र पाय आहेत. तुमच्या फोनवर कुणाबद्दल काही आलं तर ते पुढे ढकलण्याआधी दहा पावलं चाला, आणि ज्याच्याबद्दल आलंय त्यालाच विचारा. बहुतेक वेळा तो तुमच्या अगदी जवळच, चहा गाळत उभा असतो.